‘त्याचा’ धर्म, तुमचं मत

पावसाळ्यात रोज सकाळी बातम्यांत दोन नावं हमखास ऐकू येतात. कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाब्याला इतके मिलिमीटर, सांताक्रूझला तितके. २६ जुलै २००५ च्या त्या भयानक दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि आमचं उपनगर जगाच्या नकाशावर गेलं. मी सांताक्रूझ ईस्टला, वाकोल्यात वाढले. कॉलेजात कुणी ‘कुठे राहतेस?’ विचारलं की उत्तर ऐकून पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मिलन सबवेत पाणी भरतं तिथे ना?’

पण सांताक्रूझच्या नावावर आणखी एक रेकॉर्ड आहे, आणि ते आपल्यापैकी फारसं कुणाला ठाऊक नाही. निवडणुकीत धर्माच्या नावाने मतं मागायची की नाही, यावर या देशाच्या सुप्रीम कोर्टाने दिलेला सगळ्यात मोठा निकाल आमच्या सांताक्रूझच्या एका सीटवरून आला. त्याला लागली सत्तावीस वर्षं. आणि अख्खी केस अडली होती एका शब्दावर. ‘त्याचा’!

मला हे कळलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या धामधुमीत. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी काय असतं? टँकर कधी येणार, लिफ्ट बंद, कुणाची तरी स्कूटर गेटसमोर. त्या आठवड्यात ‘बटेंगे तो कटेंगे’ आलं. पाठोपाठ ‘व्होट जिहाद’ची क्लिप आली. मग दुसऱ्या बाजूने एका मौलानांचं भाषण आलं, अमुक उमेदवारांनाच मत द्या म्हणून. शुक्रवारी रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या आंटी ग्रुपमधून ‘लेफ्ट’ झाल्या. याच आंटी मी शाळेत असताना आईला उशीर झाला की मला जेवायला वाढायच्या. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. दहा मिनिटांनी टँकरचा मेसेज आला, नेहमीसारखा.

मी बाबांना म्हटलं, ‘हे असं चालतं? कायदा वगैरे काही नाही का?’

बाबा हसले. म्हणाले, ‘आहे की. आणि तो कायदा मोडताना मी स्वतः समोर बसून टाळ्या वाजवल्यात.’

पार्ले, डिसेंबर १९८७

बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे. नोकरी नवीन, लग्न व्हायचं होतं. शेजारच्या विलेपार्ले मतदारसंघात पोटनिवडणूक लागली होती. शिवसेनेतर्फे डॉ. रमेश प्रभू, काँग्रेसतर्फे प्रभाकर कुंटे. २९ नोव्हेंबरला पार्ल्यात, ९ डिसेंबरला खार दांड्याला आणि १० डिसेंबरला पार्ले ईस्टच्या जलतरंग मैदानावर बाळासाहेब ठाकरे यांच्या सभा झाल्या. मतदान १३ डिसेंबरला होतं. बाबा मित्रांबरोबर जलतरंग मैदानावर गेले होते. ‘गर्दी आठवते, थंडी आठवते, टाळ्या आठवतात,’ ते म्हणाले. ‘पाण्याबद्दल, लोकलबद्दल कोण काय बोललं, ते मात्र काही केल्या आठवत नाही. आणि तेव्हा आमच्या चाळीत पाणी पहाटे चारला यायचं!’

प्रभू जिंकले. कुंटे कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. या सभांमध्ये हिंदू म्हणून हिंदू उमेदवाराला मत द्या असं आवाहन झालं, मुसलमानांबद्दल द्वेष पसरवणारी भाषा वापरली गेली, आणि हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विरुद्ध आहे. १९५१ च्या या कायद्याचं कलम १२३ ‘भ्रष्ट आचार’ म्हणजे काय ते सांगतं. त्यात लाच आहे, दमदाटी आहे, आणि धर्म, जात, वंश, भाषा यांच्या नावावर मत मागणंही आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी पाचशेची नोट वाटणारा आणि देवाचं नाव वाटणारा एकाच कलमात बसतात.

मुंबई हायकोर्टाने १९८९ मध्ये प्रभूंची निवड रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने हा निर्णय कायम ठेवला. पुढे १९९९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने ठाकरे यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. ज्या नेत्याच्या एका शब्दावर मुंबई बंद व्हायची, त्याला स्वतःचं मत टाकता येत नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या त्याच निकालात आणखी एक वाक्य होतं. हिंदुत्व हा शब्द नुसता उच्चारला म्हणजे धर्माच्या नावावर मत मागितलं असं होत नाही, तो या देशातल्या लोकांची जीवनपद्धती अशा अर्थानेही वापरला जातो, असं कोर्टाने म्हटलं. बघायचं ते कोण काय संदर्भात बोललं ते. प्रभूंची केस तर हरलीच, पण राजकारण्यांनी निकालातून उचललं ते नेमकं ‘जीवनपद्धती’. शिक्षा विसरली गेली, शब्द राहिला.

त्याच दिवशी दुसरा निकाल आला. १९९० मध्ये दादरमधून निवडून आलेले मनोहर जोशी यांच्या एका भाषणात पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल, असं विधान होतं. हायकोर्टाने त्यांची निवड रद्द केली होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं, विधान कितीही निंद्य असलं तरी ती नुसती आशा आहे, मतासाठी केलेलं आवाहन नव्हे. जोशी वाचले. तेव्हा ते राज्याचे मुख्यमंत्री होते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच कोर्टातून एक निकाल इकडे आणि एक तिकडे.

आणि मग आमचं सांताक्रूझ

पार्ल्याच्या त्या निवडणुकीने एक गोष्ट सगळ्या पक्षांना दाखवली. हा फॉर्म्युला चालतो. १९८९ मध्ये शिवसेना-भाजप युती झाली. १९९० च्या विधानसभेत युतीने जोर लावला. काँग्रेसला २८८ पैकी १४१ वर थांबावं लागलं, शिवसेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या. त्यातली एक सांताक्रूझची. आमदार, भाजपचे अभिराम सिंग.

इथेही निवडणूक याचिका झाली. याचिका करणाऱ्यांचं नाव कोर्टाच्या कागदांवर सी. डी. कोमाचेन असं आहे. आरोप तोच, हिंदू धर्माच्या नावावर मतं मागितली. १९९१ मध्ये मुंबई हायकोर्टाने अभिराम सिंग यांची निवड रद्द ठरवली. ते सुप्रीम कोर्टात गेले. १९९६ मध्ये तीन न्यायमूर्तींनी प्रकरण पाचजणांकडे पाठवलं. पाचजणांनी २०१४ मध्ये ते सातजणांकडे पाठवलं. सातजणांनी २ जानेवारी २०१७ ला उत्तर दिलं.

आता जरा हिशेब करा. १९९० ची ती विधानसभा १९९५ मध्येच संपली होती. त्यानंतर महाराष्ट्रात पाच विधानसभा निवडणुका होऊन गेल्या. निकाल ऐकायला कोमाचेन हयात नव्हते, त्यांच्या वारसांच्या नावाने केस चालू होती. आणि सगळ्यात कहर म्हणजे, ज्या सीटवरून भांडण होतं ती सीटच उरली नव्हती! २००९ पासून नव्या रचनेत ‘सांताक्रूझ’ नावाचा मतदारसंघच नाही. आमचे वॉर्ड आजूबाजूच्या मतदारसंघांत वाटले गेले. माणूस गेला, सीट गेली, प्रश्न तेवढा शिल्लक राहिला.

‘त्याचा’ म्हणजे कुणाचा?

प्रश्न काय होता? कलम १२३ (३) म्हणतं की ‘त्याच्या’ धर्माच्या कारणावरून मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन करणं हा भ्रष्ट आचार. हा ‘त्याचा’ १९६१ च्या दुरुस्तीत आला. पण ‘तो’ कोण?

एक अर्थ असा की ‘तो’ म्हणजे उमेदवार. हिंदू उमेदवार म्हणाला ‘मी हिंदू आहे म्हणून मला मत द्या’, तर गुन्हा. पण हाच हिंदू उमेदवार मोहल्ल्यात जाऊन म्हणाला ‘तुमच्या इस्लामसाठी मला मत द्या’, तर? या अर्थाने काही अडचण नाही, कारण इस्लाम ‘त्याचा’ धर्म नाही. दुसरा अर्थ असा की ‘तो’ मतदारही असू शकतो. मग दोन्ही वाक्यं बाद.

सातपैकी चार न्यायमूर्तींनी दुसरा अर्थ घेतला. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, मदन लोकूर, शरद बोबडे आणि एल. नागेश्वर राव. उमेदवाराचा, त्याच्या एजंटचा, विरोधकाचा आणि मतदाराचा, कुणाचाही धर्म पुढे करून मत मागायचं नाही. तिघांनी वेगळं मत दिलं. धनंजय चंद्रचूड, आदर्श गोयल आणि उदय लळीत. दोन्ही गटांत मराठी नावं आहेत, हे आपलं उगाच नोंदवून ठेवलं!

मी सुरुवातीला तिघांवर चिडले होते. मग त्यांचा मुद्दा वाचला आणि थांबले. ते म्हणतात, या देशात माणसांवर अन्याय झाला तो त्यांचा धर्म बघून, जात बघून झाला. मग त्या अन्यायाबद्दल निवडणुकीत बोलायचंच नाही? दलित वस्तीत जाऊन ‘तुमच्यावर जात म्हणून अन्याय झाला, मी तो दूर करीन’ असं म्हणणं आणि ‘आपल्या जातीचा म्हणून मला मत द्या’ म्हणणं, या दोन गोष्टी एक कशा? प्रश्न खरा आहे. माझ्यापुरतं मी एक साधी चाचणी ठरवलीय. भाषणातून धर्माचं नाव काढून टाका. मागे काही उरतं का? शाळा, घर, नोकरी, पोलिस ठाण्यातली वागणूक असं काही उरलं, तर तो माणूस अन्यायाबद्दल बोलत होता. काहीच उरलं नाही, तर तो तुमच्या भीतीवर बोलत होता.

आणि हो, ‘हिंदुत्व म्हणजे जीवनपद्धती’ हा १९९५ चा मुद्दा पुन्हा तपासायला या सातजणांनी ऑक्टोबर २०१६ मध्येच नकार दिला होता. ती गाठ अजून तशीच आहे.

दुकान दोन्ही फुटपाथवर

इथपर्यंत वाचून तुमच्यातले काहीजण म्हणतील, ‘फक्त एकाच बाजूचं सांगतेस!’ थांबा ना.

१९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाहबानो या वृद्ध, घटस्फोटित बाईला पोटगी मंजूर केली. मुस्लिम धर्मगुरूंनी गदारोळ केला. राजीव गांधींच्या सरकारकडे लोकसभेत चारशेहून जास्त खासदार होते. तरी ते वाकलं आणि १९८६ मध्ये निकाल निष्प्रभ करायला नवा कायदा आणला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला फैजाबादच्या कोर्टाने अयोध्येतल्या वास्तूचं कुलूप काढायचा आदेश दिला आणि तासाभरात कुलूप निघालंसुद्धा. आपल्याकडे एका साध्या आदेशाची अंमलबजावणी व्हायला किती दिवस लागतात, ते तुम्हीच आठवा! एका फुटपाथवरच्या कट्टरांना एक खेळणं, दुसऱ्या फुटपाथवरच्या कट्टरांना दुसरं. शाहबानोच्या वाट्याला काय आलं? शेवटी तिने आपल्या बाजूने लागलेला निकालच नाकारला.

१९८८ मध्ये सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ची आयात बंद झाली. समोर निवडणुका होत्या. गंमत पुढे आहे. एका वाचकाने २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टात त्या बंदीला आव्हान दिलं, तर सरकारी खात्यांना तो आदेशच सापडेना. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने म्हटलं, आदेश अस्तित्वात नाही असं धरून चालू. छत्तीस वर्षं ज्या कागदाने पुस्तक अडवलं, तो कागदच कुणाकडे नाही.

आणि आपल्या मुंबईचं? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत ९०० माणसं गेली. श्रीकृष्ण आयोग नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला. १९९८ मध्ये अहवाल आला, तो सरकारने नाकारला. १९९९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार आलं. अहवाल अंमलात आणू म्हणत मतं मागितली होती, पण पंधरा वर्षं सत्तेत राहूनही त्यातलं बरंचसं कागदावरच राहिलं. एकाने अहवाल नाकारून आपली मतं राखली, दुसऱ्याने वचन देऊन आपली राखली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्या हातात दोघांनीही काही ठेवलं नाही.

मग कायदा करतो काय?

माझ्या एका वकील मैत्रिणीला मी हाच प्रश्न विचारला. ऑफिस सुटल्यावर स्टेशनबाहेर वडापाव खाता खाता तिने कायद्याच्या फटी मोजून दाखवल्या.

फट पहिली. उमेदवारी अर्ज भरल्यानंतरच माणूस कायद्याने ‘उमेदवार’ होतो. त्याआधी वर्षभर काहीही बोला, हे कलम लागत नाही. फट दुसरी. मोठा नेता बोलला तर त्याला उमेदवाराची संमती होती, हे सिद्ध करावं लागतं. फट तिसरी. पुरावा फौजदारी खटल्याच्या तोडीचा लागतो. आणि फट चौथी, वेळ. हायकोर्टाने याचिका सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायद्यातच लिहिलंय. सांताक्रूझच्या केसला शेवटचं उत्तर मिळालं सत्तावीस वर्षांनी.

निवडणूक आयोग आचारसंहितेखाली झटपट काही करू शकतो. एप्रिल २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने विचारणा केल्यावर आयोगाने योगी आदित्यनाथ यांना ७२ तास आणि मायावती यांना ४८ तास प्रचारबंदी केली. मायावतींनी देवबंदच्या सभेत मुस्लिम मतदारांना नाव घेऊन आवाहन केलं होतं. ‘त्याचा’ धर्म म्हणजे फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही, हा सांताक्रूझचा प्रश्न आठवला ना? पण दोन-तीन दिवसांची बंदी म्हणजे शाळेत वर्गाबाहेर उभं करण्यासारखं. पोरगं बाहेर उभं राहूनही खिडकीतून हसवतच असतं.

२०२४ मध्येही तेच. ‘बटेंगे तो कटेंगे’ या घोषणेपासून महायुतीतल्याच अजित पवार आणि पंकजा मुंडे यांनी जाहीरपणे अंतर राखलं. म्हणजे आतल्या माणसांनाही ती खटकत होती. मौलाना सज्जाद नोमानी यांनी महाविकास आघाडीच्या उमेदवारांना पाठिंबा जाहीर केला, आणि तोच व्हिडिओ समोरच्या बाजूने प्रचाराला वापरला. दोघांना एकमेकांची किती गरज आहे बघा! एकाचं पोस्टर दुसरा फुकट छापून देतो.

दोन हजार रुपये, पंचेचाळीस दिवस

मैत्रिणीने सांगितलेली एक गोष्ट मात्र मला माहीतच नव्हती. निवडणूक याचिका फक्त हरलेल्या उमेदवारानेच करायची असं नाही. त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो. म्हणजे तुम्हीसुद्धा. निकालापासून ४५ दिवसांत, हायकोर्टात, २,००० रुपये अनामत भरून. वकिलाची फी, पुरावे, तारखा हे सगळं वेगळं, ते काही दोन हजारांत होत नाही. पण दार आपल्यालाही उघडं आहे. आणि १९८७ ला सभा टिपायला माणूस बसवावा लागायचा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

आपण तो कॅमेरा वापरतो कशाला? क्लिप फॉरवर्ड करायला. आवडली तर ‘बघा, काय बोलले!’ म्हणून, नाही आवडली तर ‘बघा, काय बोलले!’ म्हणून. बोलणाऱ्याला दोन्ही सारखंच. आपण सगळे हुशार, शिकलेले, महिन्याच्या एक तारखेला एसआयपी कापली जाणारे लोक. फंड घेताना पाच वर्षांचा परतावा बघतो. आमदार निवडताना पाच वर्षांत काय केलं, ते किती जण बघतो?

बाबांना मी शेवटी विचारलं, ‘मग त्या टाळ्यांचं वाईट वाटतं का?’ ते जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, ‘भाषण चांगलं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण पाच वर्षांनी जानेवारीत आपल्याच गल्लीत रात्री जागून पहारा द्यायची वेळ आली. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आंटींचे मिस्टर माझ्याबरोबर होते. रात्रभर दोघं जिन्यात बसायचो. एकमेकांपासून नाही, एकमेकांसाठी.’

हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मतदानाच्या दिवशी, २० नोव्हेंबरला, बाबा खाली उतरले आणि नेहमीप्रमाणे आमच्या आधी दुसऱ्या मजल्यावर थांबले. बेल वाजवली. ‘चला भाभी, लाइन वाढायच्या आत जाऊन येऊ.’ आंटी पर्स घेऊन बाहेर आल्या. बूथपर्यंतच्या रस्त्यावर विषय एकच होता. टँकर. तीन वर्षं झाली, पाइपलाइनचं काम अजून सुरू नाही. कुणी कुणाला मत दिलं, विचारलं नाही. दोघांच्या बोटांना सारखीच शाई होती.

ग्रुपमध्ये आंटी अजून परत आलेल्या नाहीत. ॲडमिन मी नाही. पण टँकर आला की त्यांना मेसेज मी करते.